जुनी हॅट, रोजचा वापर : प्रस्तावना

साधारण १९२० ते १९६५ या काळात तयार झालेल्या फेल्टच्या हॅट आजही रोज डोक्यावर घालून घराबाहेर पडणारी माणसे जगात आहेत. अमेरिकेत ती जास्त भेटतात. ब्रिटन, इटली, जर्मनी, ऑस्ट्रेलिया इथेही आहेत. कुणी शाळेत शिकवतो, कुणी सुतारकाम करतो, कुणी निवृत्तीनंतर नातवंडांना शाळेत पोहोचवायला जातो. सकाळी कपाट उघडून ही माणसे आजची हॅट निवडतात, ती घालून दिवसभराची कामे उरकतात आणि आपल्यासारखा दुसरा शौकीन भेटला की ती त्याच्या हातात देतात. तो ती उलटी करतो, आतली चामड्याची पट्टी अंगठ्याने अलगद बाहेर काढून मागे काय लिहिले आहे ते वाचतो, कडेवरून बोट फिरवतो आणि मग मनापासून दाद देतो. या हॅट, त्या घालणारी ही माणसे आणि त्यांची ही दाद हा या पुस्तकाचा विषय आहे.

मराठी वाचकाला हॅट परकी नाही. ‘श्री ४२०’ मधला राज कपूर हॅटशिवाय डोळ्यांसमोर येत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची हॅटमधली छायाचित्रे घराघरांत आहेत. भगतसिंगांचे सर्वांत प्रसिद्ध छायाचित्र १९२९ साली दिल्लीतल्या काश्मिरी गेटजवळच्या स्टुडिओत काढले गेले. त्यातली किंचित तिरकी फेल्ट हॅट देशातल्या लहान मुलालाही ओळखता येते. पण ती कशाची बनलेली असते, तिला तो आकार कोण देतो, चांगली कोणती आणि सुमार कोणती, हे आपल्याला कुणी सांगितलेले नाही. छायाचित्रातली हॅट आपण पाहतो. हातात घेऊन पाहायची हॅट आपल्या वाट्याला आलेली नाही. ती ओळख करून द्यावी म्हणून हे पुस्तक लिहिले.

पुढे वारंवार येणारे काही शब्द आधीच सांगून टाकतो. डोके ज्यात बसते तो वरचा घुमट म्हणजे क्राउन. भोवतालची पसरट कड म्हणजे ब्रिम. क्राउन आणि ब्रिम जिथे मिळतात तिथे बाहेरून रेशमी फीत असते आणि आतून कपाळाला टेकणारी चामड्याची पट्टी, म्हणजे स्वेटबँड. क्राउनला वरून खोलगट घडी आणि पुढून दोन बाजूंना चिमटा असला, ब्रिम पुढून खाली व मागून वर वळवलेली असली, की त्या घाटाला फेडोरा म्हणतात. ब्रिम सगळीकडून ताठ वर वळलेली आणि क्राउनला मधोमध एकच खोल घडी असली की ती होम्बुर्ग. कडक, गोल क्राउनची ती बोलर. लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवर १६७६ पासून चालू असलेल्या लॉक अँड कंपनीने १८४९ साली एका जमीनदाराच्या शिकार-रखवालदारांसाठी ती करवून घेतली. झाडांच्या खालच्या फांद्यांनी डोके फुटू नये, एवढीच अपेक्षा होती. पुढे ती शहरातल्या कारकुनांच्या आणि बँकवाल्यांच्या डोक्यावर जाऊन बसली.

आता फेल्टविषयी. इथे थोडे रेंगाळतो, कारण जुन्या हॅटचे सगळे वेड या मालातून सुरू होते. फेल्ट विणलेले नसते. त्यात ताणा नाही, बाणा नाही, शिवण नाही. काश्मिरी नमदा किंवा आपल्याकडच्या पिंजाऱ्यांनी केलेला लोकरीचा जेन ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे लगेच कळेल: ओलावा, ऊब आणि दाब दिला की केस एकमेकांत गुंततात आणि पुन्हा सुटत नाहीत. उत्तम हॅटसाठी लोकर चालत नाही. ससा, रानससा किंवा बीव्हर या प्राण्यांच्या अंगावरचे आतले मऊ, बारीक केस लागतात. बीव्हरच्या केसांना सूक्ष्म खवले असतात, त्यामुळे ते फार घट्ट गुंततात आणि पाण्याला दाद देत नाहीत. याच केसांसाठी सतराव्या आणि अठराव्या शतकांत उत्तर अमेरिकेतल्या जंगलांत फासे लावले गेले. १६७० साली स्थापन झालेली हडसन्स बे कंपनी या व्यापारावर उभी राहिली आणि युरोपातल्या माणसांची डोकी झाकण्यासाठी तिकडच्या नद्यांमधले बीव्हर संपत आले.

कारखान्यात हॅट कशी होते ते पाहण्यासारखे आहे. साफ केलेले केस एका बंद खोलीत भोके पाडलेल्या तांब्याच्या मोठ्या शंकूवर उडवले जातात. शंकूच्या आतून हवा ओढलेली असते, त्यामुळे केस चोहोबाजूंनी येऊन त्यावर पातळ थरात बसतात. त्यावर गरम पाणी पडते आणि हलक्या हाताने तो थर सोडवून घेतला जातो. या क्षणी तो इतका नाजूक असतो की जोरात ओढला तर फाटेल, आणि हॅटच्या मानाने कितीतरी मोठा असतो. मग तो गुंडाळायचा, गरम पाण्यात बुडवायचा, दाबायचा, उलगडायचा, वेगळ्या बाजूने पुन्हा गुंडाळायचा. हे अनेकदा होते आणि दर वेळी तो आकसतो. आकसेल तितका घट्ट होतो. शेवटी हाती येतो तो शंकू मूळ आकाराच्या मानाने खूपच लहान, पण असा मजबूत की दोन्ही हातांनी ओढूनही दाद देणार नाही. मग रंग, मग लाकडी साच्यावर वाफेने आकार, मग बारीक सँडपेपरने घासून पृष्ठभाग गुळगुळीत करणे, आणि शेवटी फीत, अस्तर, स्वेटबँड.

या सगळ्यात घाई केली की ती हॅटमध्ये दिसते. पुरेसे न आकसवलेले फेल्ट पहिल्या पावसात लुळे पडते. ते ताठ राहावे म्हणून त्यात शेलॅक, म्हणजे लाख, जास्त भरली की हॅट पुठ्ठ्यासारखी होते. जुन्या हॅटचे शौकीन ज्यासाठी जीव टाकतात ती गोष्ट वेगळी आहे: पातळ, हलके, बोटांखाली सांबराच्या कमावलेल्या कातड्यासारखे मऊ, आणि तरीही दिलेला आकार धरून ठेवणारे फेल्ट. मऊपणा आणि पकड हे दोन्ही गुण एकत्र यायला चांगले केस लागतात आणि वेळ लागतो. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बऱ्या कारखान्यांना या दोन्ही गोष्टी परवडत होत्या, कारण शहरातला जवळजवळ प्रत्येक पुरुष हॅट घालत होता आणि वाईट हॅट दिली तर तो दुसऱ्या दुकानात जात होता.

त्या कारखान्यांची नावे शौकिनांच्या बोलण्यात सतत येतात. जॉन बी. स्टेटसन हा न्यू जर्सीतल्या एका हॅटवाल्याचा मुलगा. तब्येतीसाठी पश्चिमेकडे गेला, तिथे उन्हापावसात टिकणारी रुंद ब्रिमची हॅट किती गरजेची आहे ते त्याने पाहिले, आणि परत येऊन १८६५ साली फिलाडेल्फियात धंदा सुरू केला. त्याची ‘बॉस ऑफ द प्लेन्स’ ही हॅट काउबॉयच्या हॅटची पूर्वज. इटलीत जुझेप्पे बोर्सालिनो याने १८५७ साली आलेस्सांद्रिया या गावात कारखाना काढला. ते नाव पुढे इतके मोठे झाले की १९७० साली त्याच नावाचा फ्रेंच चित्रपट निघाला. ऑस्ट्रेलियात १९१२ पासून अकुब्रा हे नाव सशाच्या केसांच्या हॅटवर उमटू लागले. इंग्लंडमध्ये स्टॉकपोर्ट, अमेरिकेत कनेटिकट राज्यातले डॅनबरी ही गावेच हॅटची होती. डॅनबरीत १८८७ च्या सुमारास तीसेक कारखाने वर्षाला पन्नास लाख हॅट तयार करत होते.

डॅनबरीचे नाव घेतले की आणखी एक गोष्ट सांगावीच लागते, आणि ती सांगितल्याशिवाय जुन्या हॅटचे कौतुक करू नये असे मी मानतो. केस नीट गुंतावेत म्हणून कातड्यावर पाऱ्याचे क्षार लावत. पुढे गरम पाणी आणि वाफ लागली की तो पारा हवेत मिसळे आणि कामगाराच्या छातीत जाई. हात थरथरू लागत, दात हलू लागत, माणूस चिडखोर होई, चारचौघांत यायला घाबरू लागे. डॅनबरीत या थरथरीला गावाच्याच नावाने ओळखत. पिढ्यान्पिढ्या हे चालले. अमेरिकेत हॅटच्या फेल्टसाठी पाऱ्याचा वापर थांबला तो १९४१ साली. ज्या मऊ फेल्टवर आज आपण बोट फिरवतो, त्यातल्या बऱ्याच हॅटची किंमत कुणाच्या तरी हातांनी मोजलेली आहे.

याच कामगारांची एक खूण शौकिनांच्या रोजच्या पाहण्यात असते. जुन्या अमेरिकन हॅटचा स्वेटबँड बाहेर काढला की मागे कागदाचा एक छोटा तुकडा चिकटवलेला सापडतो. ते कामगार संघटनेचे लेबल. ही हॅट संघटित कामगारांनी योग्य मजुरीवर केली आहे, एवढे ते ग्राहकाला सांगत असे. त्या लेबलामागे मोठा झगडा आहे. १९०२ साली डॅनबरीतल्या एका कारखानदाराने संघटनेला मान्यता नाकारली, संप झाला, त्याच्या हॅटवर देशभर बहिष्कार पडला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९०८ साली निकाल संघटनेच्या विरोधात लागला. पुढे नुकसानभरपाईसाठी साध्या कामगारांची घरे आणि बँकेतली शिल्लक यांवर जप्ती आली आणि ती वाचवण्यासाठी देशभरातल्या कामगारांनी पैसे गोळा केले. १९३४ साली हॅटवाल्यांची संघटना टोप्या करणाऱ्यांच्या संघटनेशी एक झाली, लेबलावरचे नाव बदलले. म्हणून आज शौकीन त्या तुकड्यावरून हॅट १९३४ च्या आधीची की नंतरची ते सांगू शकतो. वर्ष ओळखायची ही सोय त्या कामगारांनी नकळत आपल्यासाठी करून ठेवली आहे. तिचा उपयोग करताना त्यांचा झगडा ठाऊक असावा.

हॅट मग गेली कशी? याचे एक सोपे उत्तर सगळीकडे सांगितले जाते: १९६१ साली राष्ट्राध्यक्ष केनेडींनी शपथविधीला हॅट घातली नाही आणि अमेरिकेने ती टाकली. हे खरे नाही. त्या दिवशी केनेडींकडे रेशमी टॉप हॅट होती, त्यांनी ती घातली आणि भाषणाच्या वेळी उतरवून ठेवली. उतार त्याच्या कितीतरी आधी सुरू झाला होता. माणसे ट्राम आणि पायी चालणे सोडून मोटारीने फिरू लागली, मोटारींची छपरे खाली आली, घरे आणि कचेऱ्या उबदार झाल्या. युद्धातून परतलेल्या तरुणांना डोक्यावर काही घालण्याचा कंटाळा आला होता. साठच्या दशकात केस वाढले, तेव्हा उरलेसुरले गिऱ्हाईकही गेले. स्टेटसनचा फिलाडेल्फियातला कारखाना १९७१ साली बंद झाला. स्टॉकपोर्टमधला क्रिस्टीज या कंपनीचा कारखाना १९९७ पर्यंत तग धरून होता. त्या गावात आता हॅटचे संग्रहालय आहे. बोर्सालिनोवर २०१७ साली दिवाळखोरीची वेळ आली, मग नव्या मालकांनी कंपनी सावरली.

एके काळी हॅटचा दरारा केवढा होता याचा एक दाखला पुरे. न्यूयॉर्कमध्ये पेंढ्याची उन्हाळी हॅट १५ सप्टेंबरला उतरवून फेल्टची घालायची असा अलिखित नियम होता. १९२२ साली पोरांच्या टोळ्यांनी दोन दिवस आधीच लोकांच्या डोक्यावरच्या पेंढ्याच्या हॅट हिसकावून तुडवायला सुरुवात केली. मारामाऱ्या झाल्या, रहदारी अडली, अटका झाल्या आणि दंगल कित्येक दिवस चालली. उन्हाळा कधी संपला हे डोक्यावरून ठरवणारे शहर होते ते.

अशा जगातून वाचलेल्या हॅट आज शौकिनांच्या डोक्यावर आहेत. त्या येतात कुठून? आजोबांच्या कपाटातून, घरसामान विकायला काढले जाते तिथून, जुन्या बाजारातून, एखाद्या बंद पडलेल्या दुकानाच्या माळ्यावर खोक्यातच राहिलेल्या मालातून. विकत घेणाऱ्याला हॅटबरोबर बऱ्याचदा मूळ खोके मिळते, आणि कधी पहिल्या मालकाची आद्याक्षरेही.

माझ्याकडे एक राखाडी अमेरिकन हॅट आहे, तिच्यावरून शौकीन काय पाहतात ते सांगतो. फीत गडद राखाडी, दोन बोटांहून जरा कमी रुंद, डाव्या बाजूला तिची गाठ. पुरुषांच्या हॅटची गाठ डावीकडे असते, हे एकदा लक्षात आले की जुन्या चित्रपटांत आपोआप दिसू लागते. फितीच्या खाली एक बारीक दोरी गुंडाळलेली आहे आणि तिच्या टोकाला बटण आहे. वारा सुटला की ते बटण कोटाच्या कॉलरच्या काजात अडकवायचे, म्हणजे हॅट उडाली तरी गटारात जात नाही. आत स्वेटबँडवर दुकानाचे नाव सोनेरी ठशात, शेजारी मालकाची तीन अक्षरे. पट्टीच्या मागे मापाचा चिकटवलेला कागद: सव्वासात, म्हणजे आपल्या हिशेबाने ५८ सेंटिमीटर. त्याच्याच जवळ १९३४ नंतरचे संघटनेचे लेबल. ब्रिमची कड दुमडून जाड केलेली, पण तिच्यावर एकही टाका दिसत नाही.

ही टाक्यांशिवायची कड म्हणजे शौकिनांच्या आवडीचा विषय. कॅव्हनॉ या नावाने ती ओळखली जाते. कनेटिकटमध्ये नॉरवॉकच्या कारखान्यातून निघालेल्या कॅव्हनॉ, डॉब्ज, नॉक्स अशा हॅटवर ती दिसते. साधी दुमडलेली कड शिवून टाकतात. इथे दुमड फेल्टमध्येच फेल्ट गुंतवून पक्की केलेली असते, जणू ब्रिम तशीच उगवली आहे. हे करायला वेळ लागे, खर्च येई, म्हणून हॅटचा खप घसरला तेव्हा पहिल्या काही कसबांबरोबर हेही गेले. आज नव्याने हाताने हॅट करणारे कारागीर अशा जुन्या कडा भिंगाखाली धरून अभ्यासतात. कारखान्याच्या भिंती पडल्या, शिकवणारे हात गेले. शिकण्यासाठी उरली ती हॅट.

शौकिनांची एकमेकांना मिळणारी दाद म्हणूनच मला महत्त्वाची वाटते. ‘छान दिसते’ एवढ्यावर ती थांबत नाही. फितीचा रंग फेल्टच्या रंगापेक्षा एक छटा खाली घेतला आहे, हे कुणीतरी पाहतो. चिमटा खूप पुढे गेला आहे, तो जरा मागे घे, असे कुणी सांगतो. क्राउन न दुमडता विकत मिळणाऱ्या हॅटला वाफ देऊन आपल्या हातांनी घडी घालता येते. मधली घडी, थेंबाच्या आकाराची, चौकोनी हिऱ्यासारखी, अशा तऱ्हा आहेत आणि प्रत्येकाचा हात वेगळा. ब्रिम बोटाने खाली दाबली की खाडकन वळून तिथेच थांबली पाहिजे. ती थांबली की जमलेल्यांच्या तोंडून एकच हुंकार निघतो. नव्याने आलेल्याला या गोष्टी कुणी वर्गात बसवून शिकवत नाही. तो आपली हॅट दाखवतो, दुसऱ्यांच्या पाहतो, आणि काही महिन्यांत त्याच्या बोटांना फेल्ट कळू लागते.

डोक्याच्या आकाराची गोष्टही तो इथेच शिकतो. दोन माणसांचे माप एकच असले तरी एकाचे डोके लांबट आणि दुसऱ्याचे गोल असू शकते. लांबट डोक्यावर गोल हॅट कपाळाला रुतते आणि कानांवर फट ठेवते. १८४० च्या दशकात पॅरिसमध्ये यासाठी एक यंत्र निघाले. ते टोपीसारखे डोक्यावर ठेवायचे. भोवतालच्या उभ्या पट्ट्या डोक्याचा प्रत्येक उंचवटा पकडतात आणि वर ठेवलेल्या कागदावर त्याची लहान आकृती टोचतात. लंडनच्या लॉक अँड कंपनीने आपल्या गिऱ्हाइकांच्या डोक्यांचे असे कागद जपून ठेवले आहेत. जुन्या हॅटचे काही चांगले दुरुस्तीकार आजही हे यंत्र वापरतात.

हॅट रोज वापरली तर ती खराब होणार नाही का, हा प्रश्न प्रत्येकजण विचारतो. उत्तर असे की खराब होते ती गैरवापराने आणि विसरून ठेवल्याने. चिमट्याला धरून हॅट उचलली की काही वर्षांत तिथे भेग पडते. म्हणून ती ब्रिमला दोन्ही हातांनी धरायची. ठेवताना उलटी ठेवायची, म्हणजे ब्रिमवर भार येत नाही. उन्हात उभ्या मोटारीत ठेवायची नाही. उष्णतेने चामडे आकसते आणि एका दुपारीत हॅट एक माप लहान होऊ शकते. भिजली तर स्वेटबँड बाहेर काढून त्यावरच उभी करायची आणि आपोआप वाळू द्यायची, शेगडीजवळ न्यायची नाही. रोज मऊ ब्रश केसांच्या दिशेने एकदा फिरवला की धूळ बसत नाही. खरा शत्रू कसर. अंधाऱ्या कपाटात वर्षभर न हललेल्या हॅटला ती निवांत खाते. रोज हाताळली जाणारी हॅट खायला तिला सवड मिळत नाही.

१९४१ पूर्वीच्या हॅटबाबत मात्र सावध राहावे. त्यांत पाऱ्याचा अंश उरलेला असू शकतो, म्हणून संग्रहालयांतही त्या हातमोजे घालून हाताळतात. अशा हॅटला घरच्या घरी, बंद खोलीत वाफ देऊ नये. फारच दुर्मीळ किंवा मोडकळीला आलेली हॅट काचेमागेच शोभते, हेही मान्य. पण युद्धानंतरच्या दोन दशकांत तयार झालेल्या हजारो धडधाकट हॅट घालण्याजोग्या आहेत आणि त्या घातल्या जाव्यात, असे माझे ठाम मत आहे.

या मताचे मूळ आपल्या घरात आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रातही बोडक्या डोक्याने बाहेर पडणे शिष्टसंमत नव्हते. पगडी, पागोटे, रुमाल, फेटा, काळी टोपी, पांढरी टोपी, यांवरून माणसाचा गाव, व्यवसाय, विचार कळे. मग आपल्याकडेही डोकी उघडी झाली. पुणेरी पगडीला २००९ साली भौगोलिक उपदर्शनाचे संरक्षण मिळाले, ते चांगलेच झाले. पण आज ती सत्कारात पाच मिनिटे डोक्यावर ठेवली जाते, फोटो निघतो, आणि ती टेबलावर जाते. पाच मिनिटांसाठी घालणाऱ्याला ती कपाळाला टोचते का, घामाने रंग सोडते का, वाऱ्यात हलते का, याच्याशी देणेघेणे नसते. मग ती करणाऱ्यालाही त्याची काळजी घेण्याचे कारण उरत नाही. रोज पगडी घालणारे गिऱ्हाईक पगडबंदाकडे तक्रार घेऊन जात होते, आणि त्या तक्रारीतून कसब धारदार राहत होते. याच्या उलट पांढरी टोपी पाहा. खेड्यातला म्हातारा शेतकरी आणि मुंबईचा डबेवाला ती आजही रोज घालतात. कापड कोणते घ्यावे, घडी कुठे पडावी, धुतल्यावर ती कशी वाळवावी, हे त्यांना विचारा. ते चटकन सांगतील. समारंभात वस्तूचे रूप टिकते. तिचा कस टिकतो तो वापरात.

जुन्या हॅटच्या शौकिनांनी नेमके हेच हेरले आहे, आणि म्हणून त्यांचा छंद मला निव्वळ छंद वाटत नाही. ते हॅट रोज घालतात, त्यामुळे चामडे फाटते आणि ते बदलणारा लागतो. फीत विटते आणि तशीच फीत शोधणारा लागतो. नव्या हॅटची जुन्या हॅटशी तुलना होते, आणि नवी कमी पडली तर करणाऱ्याला तोंडावर सांगितले जाते. अमेरिकेत आणि युरोपात हाताने हॅट करणारे नवे कारागीर अलीकडच्या काळात उभे राहिले आहेत. त्यांतले बरेचजण आधी जुन्या हॅट दुरुस्त करत होते. उसवता उसवता शिकले. त्यांचे पहिले गिऱ्हाईक आणि सर्वांत कडक परीक्षक हे शौकीनच.

पुस्तकाची मांडणी याच क्रमाने केली आहे. पहिला भाग मालाचा: केस, फेल्ट, चामडे, रेशीम. दुसरा कारखान्यांचा आणि कामगारांचा. त्यात पाऱ्याचे आणि संपांचे प्रकरण सविस्तर आहे आणि ते वगळून पुढे जाऊ नये अशी विनंती आहे. तिसऱ्यात हॅट ओळखायची कशी ते सांगितले आहे: लेबले, ठसे, कडा, फितीची गाठ. चौथा भाग पेंढ्याच्या हॅटचा. पनामा म्हणून ओळखली जाणारी हॅट मुळात इक्वेडोरची आहे आणि तिथल्या विणकामाला २०१२ साली युनेस्कोच्या यादीत स्थान मिळाले, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांनी तिथूनही सुरुवात करायला हरकत नाही. शेवटचा भाग घालणाऱ्यांचा: माप, घडी, निगा, दुरुस्ती, आणि कुणाला भेटल्यावर हॅट कशी उचलावी तो शिष्टाचार.

अनेक शौकिनांनी आपल्या हॅट माझ्या हातात दिल्या, स्वेटबँड उलटून दाखवले, माझ्या प्रश्नांना न कंटाळता उत्तरे दिली. त्यांचा आग्रह एकच होता: कपाटातल्या हॅटचे फोटो छापू नका, डोक्यावरच्या छापा. तो आग्रह मी पाळला आहे. पुस्तकातल्या प्रत्येक छायाचित्रात हॅटखाली माणूस आहे.

हॅट घालायची की नाही हे वाचकाने आपल्या हवेवर आणि आवडीवर ठरवावे. माझी अपेक्षा वेगळी आहे. घरात वापरण्याजोगी जुनी वस्तू असेल, मग ती टोपी असो, पितळी डबा असो की आजोबांचे घड्याळ, तर ती दुरुस्त करून घ्या आणि वापरायला काढा. कुणी रस्त्यात तसे काही वापरताना दिसला तर थांबून विचारा, आणि चांगले असेल तर मोकळेपणाने चांगले म्हणा. कोणतेही कसब टिकायला वापरणारा, दुरुस्त करणारा आणि पारख असलेला कौतुक करणारा, असे तिघे लागतात. पहिल्या दोघांचे काम प्रत्येकाला जमेलच असे नाही. तिसऱ्याचे काम शिकता येते, आणि ते शिकवण्यासाठी हे पुस्तक आहे.